क्लचवरचा पाय

जरा पुढे सरकून बसा, मला आता मोठ्याने बोलवत नाही. ही गोष्ट माझ्या साडूंची. त्यांचं गॅरेज होतं, सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. नुसता आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगायचा माणूस, आणि भुताखेतांचा विषय निघाला की उठून जाणारा. म्हणून तर त्यांच्या तोंडून ऐकलेलं मी खरं मानतो.

तारीख बारा, वार गुरुवार. दुपारी शाळेतल्या एक बाई गाडी घेऊन आल्या. क्लच दाबला की खरखर येते म्हणाल्या. गाडी त्यांच्या यजमानांची. आठ महिन्यांपूर्वी ती नदीच्या पुलाजवळ उभी सापडली होती, इंजिन चालू. यजमान मात्र सापडले नाहीत ते नाहीतच.

उस्तादांनी गाडी न्यूट्रलला ठेवून कान लावला. पेडल मोकळं असलं की आवाज बंद. पाय नुसता टेकवला की खर्र... म्हणजे गिअरबॉक्स ठणठणीत, क्लचचं बेअरिंग गेलेलं. सतत पेडलवर पाय ठेवून चालवलं की ते असं खलास होतं. तुम्हाला तशी सवय आहे का, असं त्यांनी विचारलं.

"मला नाही, ह्यांना होती," बाई म्हणाल्या. "सांगून सांगून थकले. पाय काही काढायचे नाहीत."

उस्तादांनी गिअरबॉक्स उतरवला, नवं बेअरिंग बसवलं, प्लेटही बदलली. सगळं जोडेपर्यंत रात्रीचे साडेदहा झाले. सकाळी गाडी द्यायची होती, म्हणून ते एकटेच एक चक्कर मारायला निघाले. चढ बघायचा तर पुलाचाच रस्ता. पहिला, दुसरा, तिसरा, गिअर अलगद पडत होते. उस्ताद खूश. पुलाच्या अलीकडे चौथा टाकला, पाय बाजूला घेतला.

खर्र...

बसवताना आपलंच काही चुकलं असेल, असं म्हणत त्यांनी गाडी कडेला घेतली. न्यूट्रल केली. हँडब्रेक ओढला. दोन्ही पाय वर सीटवर घेतले, आणि ऐकत बसले.

खर्र...

मोबाईलचा उजेड खाली धरला. पेडल दोन बोटं खाली गेलेलं होतं.

कोणीतरी पाय टेकवल्यासारखं.

उस्ताद बघत राहिले. पेडल हळूहळू वर आलं. आवाज थांबला. मग पेडल पुन्हा खाली जायला लागलं... या वेळी तळापर्यंत.

गिअरचा दांडा हलला.

पहिल्यात पडला.

उस्तादांनी चावी ओढली, बाहेर पडून दार लॉक केलं. मागे वळून न बघता घर गाठलं. चार किलोमीटर.

उजाडल्यावर त्यांनी बाईंना पुलाजवळ गाडीपाशीच बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. वाटलं, बाई आपल्याला वेड्यात काढतील. पण बाईंनी गाडी उघडायला सांगितली. उस्तादांनी लॉक उघडून दिलं, तेव्हा बाईंनी आत वाकून बघितलं. ड्रायव्हरची सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे गेली होती. उस्ताद बुटके, बाई त्यांच्याहून बुटक्या.

"सीट तुम्ही सरकवलीत?"

उस्तादांनी मान हलवली. नाही.

बाई गाडीला वळसा घालून पलीकडे गेल्या, आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. पदर नीट केला.

"तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या.

उस्ताद म्हणायचे, तेव्हा हात धरून बाहेर काढायला हवं होतं त्यांना. पण पाय आपोआप निघाले. वीस पावलं गेले असतील, मागे इंजिन सुरू झालं. थोडा वेळ... खर्र...

मग काहीच नाही.

वळून बघितलं तर रस्ता मोकळा होता.

पुढे लोकांनी नदी ढवळून काढली, दोन्हीकडचं रान पालथं घातलं. ना गाडी मिळाली, ना बाई. आणि गाडीची चावी... ती सबंध वेळ उस्तादांच्या खिशात होती.