पदरावरची सावली

दामिनीला समुद्र बघायचा होता, आणि तोही साधासुधा नाही. पुरी, गोवा अर्धा भंडारा बघून आला होता, आणि त्यांचे फोटो बघून बघून तिचे डोळे दुखले होते. तिला हवं होतं बेट. चहूकडे पाणी, आणि ओळखीचं कुत्रंसुद्धा भेटायला नको. अंदमानात पोर्ट ब्लेअरच्याही पुढे बोटीनं जावं लागेल असं एक लहानसं बेट तिनं दिवाळीपासून हेरून ठेवलं होतं. तिथं एक बाई आपल्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना देत असे. त्या घराचा फोटो दामिनीच्या मोबाईलमध्ये होता. भाताला आधण ठेवायचं आणि पाणी उकळेपर्यंत फोटो बघायचा, असा तिचा नेमच झाला होता.

फोटोत फार काही नव्हतं. निळी ओसरी, वेताच्या दोन खुर्च्या, मागे नारळाची झाडं आणि त्यापलीकडे पाणी. दोन झाडांना बांधलेल्या दोरीवर एक साडी वाळत घातली होती. हळदी रंगाची, लाल काठाची. पदर पुढच्या अंगाला सोडलेला होता आणि त्यावर झावळीची आडवी सावली पडली होती. परमुलखात आपल्याकडच्यासारखी साडी दिसली, म्हणून तर तिला ती जागा आवडली होती.

तिकिटांचं नागपूरचा धर्मेंद्र बघणार होता. तो तिच्या नवऱ्याचा, संजीवचा, जुना मित्र. संजीवचंही मन होतं. भंडाऱ्याच्या बाजारात त्याचं कोशाच्या रेशमी साड्यांचं दुकान होतं, आणि चार दिवस ते बंद राहिल्यानं आभाळ कोसळणार नव्हतं. अडचण होती ती घराच्या दाराची. वैनगंगेकाठच्या कारधा गावातल्या त्यांच्या घराला कुलूप लागत नसे.

संजीवची बहीण तेजस्विनी मोठ्या पुरात जुन्या पुलावर पाणी बघायला गेली, ती परत आली नाही. लोकांनी काठ धुंडाळले, ढिवर कोळ्यांनी नदीत डोंगे घातले, पण वैनगंगेनं काहीच परत दिलं नाही. पुढे संजीवच्या आनंदराव काकांनी सांगितलं, पळसाच्या पानांचा पुतळा करा आणि विधी उरकून टाका. संजीवची आई दुर्गाबाई तेवढ्यापुरती बोलली. म्हणाली, "पानं कायले जाळता? येते न माही पोरगी." तेव्हापासून घरात कोणीतरी एक मागे राही. तेजू आली आणि दाराला कुलूप दिसलं तर? दामिनीच्या भावाचं दिघोरीला लग्न झालं, तेव्हाही संजीव घरी बसला होता.

दामिनीला नणंदेचा राग नव्हता. चांगली हसरी मुलगी होती ती. पण मेलेल्या माणसाची वाट बघणाऱ्या घरात जिवंत माणसाला श्वास घेता येत नाही, हे तिला कोणाला सांगता येईना. नवरा-बायको हसले तरी आतल्या खोलीकडे बघून हसत. असं आणखी दोन वर्षं चाललं तर आपण एक दिवस माहेरी जाऊ आणि परत येणार नाही, असं तिला वाटायला लागलं होतं, आणि त्या विचाराची तिला भीतीही वाटत होती.

म्हणून तिनं ती युक्ती केली. दुर्गाबाई दुपारी ओसरीवर लाखोळीची डाळ निवडत होती. दामिनी शेजारी बसली आणि शाळेत पाठ केलेला भूगोल तिनं बाहेर काढला.

"आई, आपल्या वैनगंगेचं पाणी कुठी जाते? गोदावरीत. आन् गोदावरी त्या अंदमानाच्याच समुद्रात जाते. पाहून येऊ न एकदा."

दुर्गाबाईचा हात डाळीत थांबला. मग तिनं फोटो मागितला, मोबाईल हातभर लांब धरला आणि म्हणाली, "हे आपलं कापड होय."

संध्याकाळी संजीवनं समजूत घातली की करवती काठाच्या साड्या नागपूरला जातात, तिथून कुठंही जातात. करवतीच्या दातांसारखा तो काठ काय आपल्या एकट्याच्या घरचा आहे? दुर्गाबाईनं ऐकून घेतलं.

"काठ सगळ्याइचा असते," ती म्हणाली. "हात नसते."

दुसऱ्या दिवशी तिनं मागावरची चादर काढली.

आतल्या खोलीतला तो खड्ड्याचा माग त्या पुरानंतर झाकूनच ठेवलेला होता. त्यावर तेजूची साडी होती, तीही हळदी रंगाची, लाल काठाची. त्यांच्या विणकर घरांत मुलगी आपल्या लग्नाची साडी आपल्या हातानं विणते. तेजूनं अंग सगळं विणलं होतं, पदर तेवढा राहिला होता. असं अर्धं कापड मागावरून कापायचं नाही आणि ते तसंच सोडून घर बंद करायचं नाही, ही त्या घरातली रीत. कापड अर्धं राहिलं की त्याचा धनी अर्ध्या वाटेत राहतो म्हणतात. दुर्गाबाईनं जाहीर केलं की पदर पुरा करते, मग निघू. संजीवला इतका आनंद झाला की त्यानं लगेच धर्मेंद्रला फोन लावला.

दामिनी खड्डा झाडायला उतरली. विणताना पाय सोडायची ती जागा, गुडघ्याच्या वर खोल. कोळ्यांची जाळी असणार, मेलेली झुरळं असणार, अशा तयारीनं ती उतरली होती. खाली वाळू होती. वैनगंगेची वाळू पिवळट असते, कारध्यात लहान पोरालाही ती ओळखता येते. ही रव्यासारखी पांढरी होती, आणि सुपात भरली तेव्हा ओलसर लागली. शेजारी बांधकाम चालू आहे, तिकडून उडून आली असेल, असं संजीव म्हणाला. चादरीखालच्या खड्ड्यात कशी उडून येईल, हे तिनं विचारलं नाही. जाण्याचं नुकतंच ठरत होतं आणि तिला त्यात माशी शिंकायला नको होती.

माग सुरू झाला. सकाळपासून धोट्याचा खटखट आवाज घरभर फिरायचा. दुर्गाबाई पोटभर जेवायला लागली, शेजारच्या बेबीबाईशी दारात उभी राहून बोलायला लागली. रात्री शांत झोपत होती. झोप उडाली होती ती दामिनीची. तिला एका जागी बसवेना. भांडी घासता घासता ती उठून ओसरीवर यायची, मोबाईल बघायची, परत जायची. एका दुपारी दुर्गाबाईच्या कापडी पिशवीत तिला तेजूचा कंगवा दिसला. खाली तेजूचं पोलकं होतं, बांगड्या होत्या, लाल फितीची जोडी होती. आपण युक्ती म्हणून सांगितलेल्या भूगोलावर ही बाई मुलीला आणायला निघाली होती. आता तिथं जाऊन नुसतं पाणी दिसलं म्हणजे हिचं काय होणार?

तिनं बेटावरच्या बाईला फोन लावला. खोलीबद्दल विचारता विचारता सहज म्हणून साडीचं विचारलं. बाई बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाली, कुठली साडी? तिथं तर आता दोरीच नाही. मागच्या वादळात झाड पडलं तेव्हाच सोडली. दामिनीला हायसं वाटलं. तिनं ओसरीचा ताजा फोटो मागितला. दुर्गाबाईला दाखवता आला असता की बघा, तिथं काही नाही.

फोटो तासाभरात आला. ओसरीला आता पांढरा रंग होता. खुर्च्या प्लॅस्टिकच्या होत्या. एक नारळ खरंच आडवा झालेला दिसत होता. आणि उभ्या नारळापासून निघालेली दोरी फोटोच्या कडेपर्यंत गेली होती. त्या दोरीवर तीच हळदी साडी होती, पदर पुढे सोडून.

दामिनीनं तो फोटो दुर्गाबाईला दाखवला नाही. स्वतः मात्र पुन्हा पुन्हा बघितला. काहीतरी खटकत होतं आणि ते काय हे कळत नव्हतं. चूल विझल्यावर, भाकरीचं पीठ हाताला तसंच असताना, ते तिच्या ध्यानात आलं. बेटावर आभाळ भरून आलेलं होतं. पाणी करडं दिसत होतं, खुर्च्यांची सावली नव्हती, खांबांची नव्हती. पदरावरची आडवी सावली तेवढी होती.

पदर पुरा व्हायला थोडंच राहिलं होतं त्या संध्याकाळी वीज गेली. दुर्गाबाईला थांबायचं नव्हतं. तिनं आतूनच हाक मारली, लाल सुताची एक कांडी भरून दे म्हणाली. दामिनी शेतकऱ्याची पोर, धानाचं रोप आणि गवत डोळे मिटून वेगळं करील. पण सुताचं तिला लग्नानंतरच कळायला लागलं होतं. दाराच्या मावळत्या उजेडात बसून तिनं चरख्यावर कांडी भरली आणि नेऊन दिली. धोटा फिरत राहिला. वीज आली तेव्हा दोघींनी एकदमच बघितलं. तांबड्या पदरात दोन बोटं रुंदीचा गडद हिरवा पट्टा आला होता. दामिनीनं चुकीची लड उचलली होती.

तिला रडूच आलं. उकलते म्हणाली, आत्ता उकलून देते. दुर्गाबाईनं तिचा हात धरला. एका चुकलेल्या तारेसाठी जिनं पोरीला विणलेलं उकलायला लावलं होतं, ती दुर्गाबाई.

"राहू दे," ती म्हणाली. "तसंच आहे ते."

दामिनी अंगणात गेली. पहिला फोटो मोठा केला. सावली नव्हती. पट्टा होता. दोन बोटांचा, गडद हिरवा, आणि जिथं तिनं सुताला गाठ मारली होती तिथं एक बारीक फुगीर ठिपका होता. हा फोटो दिवाळीपासून तिच्याजवळ होता.

त्या रात्री जेवताना तिनं संजीवला सांगितलं की जाऊ नये. त्यानं कारण विचारलं. मोबाईल पुढे केला तर तो म्हणाला, सावली आहे, दुसरं काय? मग जरा चिडलाच.

"तूच मागं लागली होती न? आई किती दिवसानं जेवून राहिली, पाह्यलं का? आता नाही म्हणशीन तं ते पुन्हा त्या दाराशी बसन."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिनं मुकाट्यानं बॅगा भरल्या.

निघायच्या दिवशी दुपारी दुर्गाबाईनं साडी मागावरून कापली. विणकराचा माग कधी रिकामा ठेवत नाहीत. जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, शेपटी ठेवतात आणि नवा ताणा तिला तार तार जोडून पुढे विणतात. तिनं शेपटी ठेवली नाही. सगळं मोकळं केलं, साडीची घडी घातली आणि कोरडी ठणठणीत पिशवीत ठेवली. दामिनीनं ती स्वतःच्या हातानं चाचपून बघितली होती.

संजीवनं सकाळीच नवीन पितळी कुलूप आणलं होतं, आई शेवटच्या घडीला मोडता घालेल या भीतीनं खिशात लपवून ठेवलेलं. दुर्गाबाईनंच ते मागितलं.

"लावा कुलूप. आता घरी येवाचं कोणी राहिलं नाही."

संजीवच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांनी आईनं मानलं, असं त्याला वाटलं. तो वळून डोळे पुसायला लागला. दामिनी सासूच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. किल्ली दुर्गाबाईनं सुनेच्या हातात दिली आणि तिची मूठ मिटली.

भाड्याची गाडी पुलावर आली. संजीव पुढे ड्रायव्हरशेजारी बसून विमानाच्या वेळेचं बोलत होता. उजेड लख्ख होता. खाली वैनगंगेचं पाणी संथ होतं. दुर्गाबाईनं पिशवी दामिनीच्या मांडीवर ठेवली आणि ती खिडकीतून नदीकडे बघत बसली.

दामिनीनं मोबाईल काढला.

पहिल्या फोटोत निळी ओसरी होती, खुर्च्या होत्या, ऊन होतं. दोरी रिकामी होती.

दुसऱ्यातही रिकामी होती. दोरीला मधोमध झोल पडला होता, नुकतंच काहीतरी काढून घेतल्यासारखा.

तिच्या मांड्या गार पडल्या. तिनं खाली बघितलं. पिशवीचा तळ काळा झाला होता आणि पाणी थेंब थेंब तिच्या पायांवर पडत होतं. तिनं ओलं बोट जिभेला लावलं.

खारट होतं.

"आई," ती म्हणाली.

दुर्गाबाईनं नदीवरची नजर काढली नाही. पिशवीवर तिनं हात ठेवला, निजलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवतात तसा.

"राहू दे ओली. तिकडे वाळन."

गाडी पूल उतरली. संजीव मागे वळून म्हणाला, किल्ली नीट ठेवली न? दामिनीनं मूठ उघडली. सकाळी दुकानातून आणलेली ती किल्ली वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात पडल्यासारखी हिरव्या गंजानं फुगली होती. तिनं बोटांनी उचलली, तशी ती मधोमध मोडली.