सेनापतीची तपासणी

"मॅडम, घोडे की शेपटी हटानी पडेगी," मागून कोणीतरी म्हणालं. त्या हिंदीतलं पुणं अंतराने लगेच ओळखलं.

"किती हटवू?" तिने मराठीतच विचारलं.

हेल्मेट काखेत धरून उभा असलेला तो उंच मुलगा गडबडला... मग हसला. शौनक. आगीपासूनची सुरक्षितता तपासणारा इंजिनिअर.

फुटबॉलचा वर्ल्ड कप तोंडावर आला होता. आखातातल्या या शहरातल्या वेस्ट बे भागातलं हे नवं हॉटेल त्याआधी उघडायचं होतं, आणि मालकाने युरोपातून आणलेलं अठराव्या शतकातलं भिंतभर चित्र लॉबीत लावायचं काम अंतराच्या गळ्यात होतं. पांढऱ्या घोड्यावर सेनापती – कुरळा टोप, सुटलेलं पोट, उपसलेली तलवार. घोड्याची शेपूट नेमकी आग विझवायच्या पाइपाच्या कपाटावर.

चित्र सरकवलं. पुढच्या वेळी शौनकला फ्रेमच्या लाकडाची शंका आली. त्याच्या पुढच्या वेळी वरचा दिवा फार तापतो म्हणाला. मग एकदा नुसताच बघत राहिला आणि म्हणाला, सेनापतीची नजर ठीक वाटत नाही.

"हे तपासणीत येतं?"

"येत नाही. पण घाई कशाला करायची?"

शहराजवळच्या अल वक्राला अंतरा जिच्याकडे राहायची, ती थोरली बहीण सरोजताई सगळं टिपत होती. तपासणीच्या दिवशीच ओढणी दोनदा का बदलते, सेनापती एवढा चोखंदळ आहे का, असं तिने विचारलं. अंतराने सगळा दोष धुळीवर ढकलला.

आणि मग मॅनेजरने सांगितलं – आज शेवटची तपासणी, खलास. शौनकची उद्यापासून लांबच्या दुखान गावाला बदली. अंतराने सुटकेचा निःश्वास सोडायला हवा होता. ती मात्र फ्रेमवर एखादा ओरखडा सापडतो का ते बघू लागली.

शौनकने घोड्याच्या टापेपासून टोपापर्यंत चित्र पाहिलं. फार वेळ लावून पाहिलं.

"काही निघालं?" तिने आशेने विचारलं.

"नाही ना... पहिल्याच दिवशी सगळं ठीक होतं. शेपूट सोडून." त्याचे कान लाल झाले होते. "बाकीचं मी उगाच काढत होतो."

त्याने सही केली. पेन मात्र खिशात जाईना.

अंतराने सेनापतीकडे बघतच म्हटलं, "शुक्रवारी जेवायला या. सरोजताई कसून तपासणी घेते."

"आणि सही?"

"ती मी करते," ती म्हणाली. "पण पहिल्या भेटीत मीही करत नाही."