एक्केचाळीस बाळांची धर्ममाता

"'लहानपणापासून मला इतिहासाची आवड आहे...'" आर्मांनं मोठ्यानं वाचलं आणि लाल पेन्सिल थेट त्या ओळीवरून फिरवली. "अगं ताई, असं लिहिणारे दरवर्षी शंभर येतात! आमच्या प्रवेश समितीत मी बसतो ना, पहिल्या ओळीलाच अर्ज बाजूला पडतो. तुझा प्रश्न काय? जुने कागद कुठले वाचलेस तू? ते सांग."

ओडेटच्या हातात भट्टीतून नुकतीच काढलेली तूर्तिएर होती, खिमा भरून भाजलेली जाडजूड पोळी. तिचे हात भाजत होते, पण ती खाली ठेवायचं तिला सुचेना.

जुने कागद कुठले वाचलेस...! हे आर्मांनं विचारावं? नऊ वर्षं, दर रविवारी प्रार्थनेनंतर, अमेरिकेतल्या लुइस्टन गावच्या चर्चच्या तळघरात कोट घालून कुडकुडत बसून बाप्तिस्म्याच्या पुसट नोंदी कुणी वाचल्या होत्या? चार हजार कार्डं कुणी लिहिली, बुटांच्या खोक्यांत भरून त्याच्याकडे कुणी धाडली? त्या कार्डांवर त्याचं पुस्तक उभं राहिलं, त्या पुस्तकानं तो प्राध्यापक झाला, आणि आभाराच्या पानाच्या तळाशी एक ओळ छापून आली... 'टंकलेखनाबद्दल बहिणीचे आभार.' त्या ओळीवरून तेव्हा तिनं किती कौतुकानं बोट फिरवलं होतं, वेडीनं!

"काहीच नाही वाचले," ती म्हणाली.

"मग कसं होणार? एक्कावन्नाव्या वर्षी नुसत्या हौसेवर कुणी घेत नाही गं. आणि परवा टपालाची शेवटची तारीख." तो मायेनंच बोलत होता, हेच तर दुःख होतं.

एकोणिसाव्या वर्षी वडील गेले आणि ओडेट कॉलेज सोडून गिरणीत मागावर उभी राहिली. दहा वर्षांच्या आर्मांनं शिकावं म्हणून. गिरणी बंद पडल्यावर संध्याकाळच्या वर्गांना जाऊन तिनं दहा वर्षांत पदवी घेतली. आता पुढच्या अभ्यासाची दारं उघडायला दोन पानांचं निवेदन हवं होतं. आपल्याला काय शोधायचं आहे आणि का, एवढंच त्यात सांगायचं. ते तिनं एका बैठकीत लिहिलंही होतं, अगदी खरंखुरं! चुलीशी उभं राहून हलक्या आवाजात वाचून पाहिलं आणि तिचा जीव चरकला. विद्यापीठातली माणसं हे वाचतील, आर्मांची मान खाली जाईल... ज्याला या हातांनी भरवलं, त्याची! पानं चुरगळून तिनं सरपणाच्या पेटीत टाकली होती, आणि त्यांच्या जागी आर्मांला दाखवायला ती इतिहासाच्या आवडीची बिनधोक ओळ लिहिली होती.

"तुझी तूर्तिएर मी बांधून देते रे," ऐंशी वर्षांची, डोळ्यांनी अधू झालेली आई डोलखुर्चीतून उठत म्हणाली. ओडेट भांडी घासत होती. तिनं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी नव्या वर्षाची सकाळ. या दिवशी मुलांनी बापापुढं गुडघे टेकून आशीर्वाद मागायचा, अशी त्यांच्या घरची रीत. बाप गेल्यावर आईनं तो मान आर्मांला दिला, घरातला पुरुष म्हणून. एकोणीस वर्षांची ओडेट दहा वर्षांच्या पोरापुढं वाकली, आणि त्यानंतर बत्तीस वर्षं वाकत राहिली.

आर्मां आत आला तो टोपीशिवाय, केसांत बर्फ घेऊन. रात्रभर रडल्यासारखे डोळे. ओडेट सवयीनं गुडघे टेकायला गेली, तोच त्यानं तिला कोपरांना धरून थांबवलं आणि स्वतःच जमिनीवर बसला... एवढा मोठा प्राध्यापक, गुडघ्यांवर!

"आज मला आशीर्वाद दे, ताई."

त्याच्या हातात तुपकट डाग पडलेली दोन पानं होती. ती तिनं लगेच ओळखली.

"'मारी-रोज नावाची एक माग चालवणारी,'" तो वाचू लागला, "'लग्न न झालेली, आणि तरी बाप्तिस्म्याच्या वेळी एक्केचाळीस बाळांची धर्ममाता झालेली. नोंदवहीत तिचं नाव पुन्हा पुन्हा येतं. स्वतःचा पाळणा नसताना तिनं इतरांचे का हलवले? अशा किती होत्या? मला त्यांना शोधायचं आहे...'" त्यानं पानं खाली केली. "माझ्या पुस्तकातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण गं हे! पंधरा वर्षं त्यावर व्याख्यानं देता देता मला खरंच वाटायला लागलं की प्रश्न माझाच... तुझं कार्ड होतं ते. तुझंच अक्षर!"

"पण ही पानं तर मी..." ओडेटनं आईकडे पाहिलं. "आई! तूर्तिएर कशात बांधलीस तू?"

"डोळे गेलेत माझे, कान नाही गेले," म्हातारी फणकारली. "चुलीशी वाचत होतीस ना? सगळं ऐकलं मी. बत्तीस वर्षं चुकीच्या माणसापुढं वाकवलं तुला पोरी... मरायच्या आत एवढं तरी सुधारू दे!"

"पण तुझं नाव जाईल रे, आर्मां..."

"जाऊ दे! प्रकाशकाला लिहिलंय. नव्या आवृत्तीत त्या प्रकरणावर तुझं नाव. आणि हे दुसरं पत्र तुझ्या अर्जासोबत जाईल. त्यात सगळं कबूल केलंय."

ओडेटनं अंगठ्यानं त्याच्या कपाळावर क्रूस काढला. दोघंही ओक्साबोक्शी रडली. मग तिनं तिच्या त्या जुन्या एप्रनला डोळे पुसले. "ऊठ आता. उद्या टपाल गाठायचंय, टाइप करायला घेते."

"मी करतो. तू सांग."

तो टाइपरायटरपुढं बसला, दोन बोटांनी ठोकत, ओळीगणिक चुका करत. "आमच्या गिरणीत असलं काम केलं असतंस तर दुपारच्या आत घरी धाडलं असतं!" ती म्हणाली, आणि आई हसता हसता खोकली. ओडेट सांगत गेली. 'मी' हा शब्द पहिल्यांदा उच्चारताना ती अडखळली. चौथ्यांदा नाही.

मार्चमध्ये जाड पाकीट आलं. प्रवेश, आणि वर शिष्यवृत्ती! आईनं पत्र तीनदा वाचून घेतलं. मग ओडेटनं आर्मांला फोन लावला.

"काय झालं, ताई? बोल ना!"

"कपाट उघड," ती म्हणाली. "माझी कार्डं मला परत हवीत."

रविवारी तो अकरा खोकी घेऊन आला. प्रत्येक झाकणावर त्यानं स्वतःच्या हातानं, मोठ्या अक्षरांत तिचं नाव लिहिलं होतं... ओडेट पेल्शा.