शेवटचे दोन आटे

आधी आवाज आला, गाडी नंतर दिसली.

खट्... खट्... उतारावरच्या प्रत्येक खड्ड्याला, पुढच्या चाकात कुणी कोंडलेलं माणूस दार ठोठावत असल्यासारखा. दाफिना पावाची पिशवी छातीशी धरून भुरभुर पावसात थांबली. धुक्यातून जुनी राखाडी लाडा बाहेर आली आणि ही सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन हात वर करून उभी राहिली.

गाडी करकचून थांबली. काच खाली झाली.

"मरायचंय का?" आतला तरुण ओरडला.

"हौस तुम्हाला दिसतेय. पुढच्या वळणावर हे चाक तुमचा निरोप घेणार. खाली दरी आहे."

"चाकाशी बोलणं झालं वाटतं तुमचं?"

"ते केव्हाचं बोंबलतंय. तुम्हीच ऐकत नाही."

तो हसला... आणि मध्येच थांबला, हसणं शोभत नाही हे आठवल्यासारखा. दाढी वाढलेली, कोटावर काळी फीत. तेव्हा दाफिनाने त्याला ओळखलं. नुकत्याच वारलेल्या स्तोयकामावशींच्या शेगडीवरच्या फळीवर ह्याचाच फोटो होता. लाझार. दाफिना ह्या गावात राहायला येण्याआधीच गाव सोडून गेलेला, जर्मनीत ट्रक चालवणारा. आईला माती द्यायला वेळेवर पोचू न शकलेला मुलगा. आता चाळिसाव्या दिवसाच्या विधीला आला होता.

"गॅरेज कुठंय इथे?"

"माझ्या मागून या. हळू."

"कुणाचं आहे?"

"माझं."

"म्हणजे... मिस्त्रीणबाई तुम्ही?"

दाफिना चालू लागली. कानशिलं का तापली, ते तिचं तिलाच कळेना.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं कुलूपबंद होती. प्रत्येक दारावर गेलेल्या माणसाचा फोटो छापलेला स्मरणाचा कागद – कुणाचा चाळीस दिवसांचा, कुणाचा सहा महिन्यांचा, कुणाचा वर्षाचा. पावसाने शाई ओघळलेली. गावात आता माणसांपेक्षा हे चेहरेच जास्त उरले होते.

गॅरेजच्या खिडकीत दाफिनाचे वडील, वेल्को, खुर्चीत बसलेले असत. अर्धांगाने उजवी बाजू गेली होती, वाचाही. डाव्या हातात चमचा. जे काही सांगायचं, ते चमच्याने काचेवर वाजवून.

दाफिनाने गाडी जॅकवर घेतली, चाक उतरवलं, टॉर्च मारला. "चाक धरून ठेवणारे दोन्ही बॉल जॉइंट गेलेत. रबरी टोप्या फाटून आत नुसता चिखल. कुठवर न्यायचीय गाडी?"

"जर्मनीला."

"ही?"

"बाबांची गाडी आहे. घर विकतोय. हिला इथे गंजत ठेवणार नाही."

"सर्बियाच्या नाक्यापर्यंत पोचलात तरी मी चर्चमध्ये मेणबत्ती लावीन."

"मोठी लावा. मी जाडजूड माणूस आहे."

तिने हसू दाबलं आणि पाना उचलला. वरच्या जॉइंटची दांडी खाली बघते, खालच्याची वर. दोघी समोरासमोर, पण गंजाने आपापल्या भोकात रुतून बसलेल्या. दाफिनाने दोन्ही नट सैल केले आणि खणातून वेल्कोंनी स्वतः बनवलेलं हत्यार काढलं. हत्यार कसलं – एक जाडा बोल्ट आणि त्यावर चढवलेला लांबुडका नट, बस्स. दोन दांड्यांच्या मधे तो उभा बसवायचा आणि नट उलटा फिरवत जायचा. बोल्ट लांब होत जातो, दोघींना एकमेकींपासून दूर रेटत राहतो.

"द्या, मी मदत करतो." लाझारने खालच्या जॉइंटच्या नटाला हात घातला. "हा काढूनच टाकू ना पूर्ण—"

ठण् ठण् ठण्! खिडकीत चमचा पिसाळला. दाफिनाने झडप घालून त्याचं मनगट धरलं.

"अहो! आत स्प्रिंग दाबून बसलीय. नट नसला तर सुटताना सगळं खाली झेपावतं. बाबांचा पाय बघा, असाच मोडला. शेवटचे दोन आटे ठेवायचे. सुटलं पाहिजे, पण पडता कामा नये."

"बरं," तो हळूच म्हणाला. "मनगट मात्र सोडा... किंवा नका सोडू."

तिने चटकन हात मागे घेतला. त्याच्या मनगटावर काळ्या बोटांचे ठसे उमटले होते. ते त्याने पुसले नाहीत.

बोल्ट ताणून बसला. दाफिनाने एकदोनदा हातोडा घातला. काही हललं नाही.

"आता?"

"आता थांबायचं. ताण दिलाय, ते आपणहून सुटेल. कॉफी पिता?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता. दोघं टायरवर बसली. लाझार कपातल्या गाळाकडे बघत राहिला, आणि मग न बघताच म्हणाला, "आईला पहिल्यांदा... कुणी पाहिलं?"

ह्या प्रश्नाला दाफिना रस्त्यापासूनच घाबरत होती.

"मी. रोज पाव द्यायची त्यांना. त्या दिवशी धुराड्यातून धूर नव्हता."

"त्रास झाला असेल तिला?"

"झोपेत गेल्या."

"आणि खरं?"

तिने ठरवलं, ह्या माणसाशी खोटं बोलायचं नाही. "खुर्चीत होत्या. तोंड दाराकडे. अंगात कोट, पायात बूट... कुणाला तरी आणायला स्टँडवर निघाल्यासारख्या."

लाझारने कप खाली ठेवला. "मी म्हटलं होतं तिला. शनिवारी येतो. मग भाडं मिळालं, आणि मी—"

खाड्!

गोळी सुटल्यासारखा आवाज. दोघं दचकली. गंजलेली दांडी सुटली होती. सगळा भार खाली आला आणि त्या दोन आट्यांवर अडकून लोंबत राहिला. लाझारने तोंड हातांनी झाकलं. त्याचे खांदे गदगदत होते. दाफिनाने क्षणभर खिडकीकडे पाहिलं. वेल्कोंनी मान दुसरीकडे फिरवली होती. तिने आपला तेलकट हात त्याच्या पाठीवर ठेवला, आणि राहू दिला.

नवे जॉइंट शहरातून यायला वेळ लागला. तोवर लाझार रोज येत राहिला – कधी सरपण फोडायला, कधी वेल्कोंची दाढी करायला. "तुम्ही"चं "तू" कधी झालं, कुणाच्या लक्षात आलं नाही. चाळिसाव्याला दाफिनाने उकडलेल्या गव्हाचा प्रसाद केला. आणि मग गाडी तयार झाली.

"माझ्याबरोबर चल," तो म्हणाला. इंजिन सुरू होतं.

दाफिनाने खिडकीकडे पाहिलं. "बाबांना भरवणार कोण? ते इथून हलणार नाहीत, आणि मी त्यांना टाकणार नाही."

"मग मी काय करू?"

"जा. तिकडे काम आहे तुझं."

"एवढंच? तू आवडतेस मला, दाफिना. हे असं सांगायचं नव्हतं, गाडीत बसून..."

"मलाही," ती म्हणाली. "म्हणून तर लवकर जा."

त्याने आतल्या खिशातून एक घडी काढली. स्तोयकामावशींचा फोटो, वर लिहिलेलं – सहा महिने. "आत्ताच छापून घेतलाय. मार्चमध्ये दारावर लावशील?"

तिने कागद परत त्याच्या खिशात कोंबला. "नाही. ज्याची आई, त्याने लावायचा."

"आणि नाही जमलं यायला?"

"तर दार रिकामं राहील. सगळं गाव बघेल."

"दुष्ट आहेस."

"मिस्त्रीण आहे. नट पूर्ण काढत नाही मी."

लाडा उतारावरून गेली. खडखड नाही, काही नाही. इतकी गप्प गेली, की दाफिनाला आपणच केलेल्या कामाचा राग आला.

हिवाळा वाईट गेला. आणखी दोन धुराडी थंडावली. लाझारचे फोन आधी रोज आले, मग रविवारचे, मग बर्फाने तारा तुटल्या आणि तेही थांबले.

मार्चमधला तो दिवस उजाडला. सकाळी पाव घेऊन येताना तिने पाहिलं – दार रिकामं. दुपारी पुन्हा गेली – रिकामंच. दारावरची दुखवट्याची काळी फीत तेवढी वाऱ्यावर फडफडत होती. संध्याकाळ होत आली तसं तिला राहवेना. मावशींनी काय पाप केलं होतं? तिने कणकेची खळ शिजवली, कोऱ्या कागदावर हाताने नाव लिहिलं, आणि वाडगा कोटाआड धरून वितळत्या बर्फातून चढ चढली. स्वतःवरच चिडत, डोळे पुसत. तिचेही दोन आटे गेले होते.

दारापाशी राखाडी लाडा उभी होती. बॉनेटमधून वाफ निघत होती.

लाझार हातात कागद धरून दाराला पाठ टेकून बसला होता. अंगभर रस्त्याचा चिखल.

"हंगेरीत अडकलो बर्फात," तो उठत म्हणाला. "कागद आहे. पण... खळ विसरलो."

दाफिनाने वाडगा पुढे केला. अजून कोमट होता.

तिने दारावर खळ फासली, त्याने कागद टेकवला, आणि दोघांनी मिळून तळहातांनी मावशींचा चेहरा सारखा केला. कोपरे पुन्हा पुन्हा दाबले, उगाचच.

"वर्षाचाही तूच लावायचास," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"हो," तो म्हणाला. त्याने खिशातून घराची किल्ली काढली आणि फोटोखालचं कुलूप उघडलं. "त्यासाठी कुठून यावं लागणार नाही. घर विकत नाहीये मी."

मग तो आत गेला, आणि थोड्या वेळाने स्तोयकामावशींच्या धुराड्यातून धूर वर चढू लागला.