तिसऱ्या गाण्यातला वन्स मोअर

पियानोवरची बोटं थांबली. तिसरं गाणं संपलं असं समजून आम्रपालीने चौथ्या रांगेतून खणखणीत आवाज दिला, "वन्स मोअर!"

गाणं संपलं नव्हतं.

पावस गावचा धम्मदीप मुंबईत जॅझ वाजवतो. त्या संध्याकाळी रत्नागिरीच्या नाट्यगृहात तो एकटाच पियानोवर जुनी, सगळ्या जगाने वाजवून गुळगुळीत केलेली जॅझची गाणी आपल्या पद्धतीने उलगडत होता. त्याच्या अल्बमसाठी सगळं तिथल्या तिथे रेकॉर्ड होत होतं. गाण्याच्या मधली ती शांतता त्याने मुद्दाम ठेवलेली. पण नाट्यसंगीतावर वाढलेलं गाव. आवडलं की हक्काने पुन्हा मागतं. तो चमकला, हसला… आणि तिचा आवाज विरायच्या आत तेच गाणं पहिल्यापासून, अगदी निराळंच वाजवलं. छपरावर पाऊस वाजत होता, त्यालाही जागा दिली.

दुसऱ्या दिवशी तो एसटी स्टँडवर, चौकशीच्या खिडकीशी. आत माइकसमोर आम्रपाली.

"काल ओरडलात त्या तुम्हीच ना?"

"कशावरून?"

"आत्ता पोफळीच्या गाडीची अनाउन्समेंट केलीत, त्यावरून."

आम्रपाली लाजली. खिडकी मात्र तिने लावून घेतली नाही, हे जमेच्या बाजूला.

त्याची अडचण सरळ होती. दुसऱ्यांदा वाजवलेलं ते त्याचं आजवरचं सर्वांत चांगलं वादन. पण रेकॉर्डिंगमध्ये तिच्या ओरडण्यावरच त्याचा पहिला सूर चढलेला. एक कापलं की दुसरं जाणार. तिची परवानगी हवी होती.

"अजिबात नाही! अख्खा जिल्हा माझा आवाज ओळखतो. आई म्हणेल, काय गो, भर सभेत ओरडायला शिकवलं होतं तुला?"

"मग ते गाणंच काढून टाकतो."

"टाका की."

टाकलं नाही. आठवडाभर तो येत राहिला. कॅन्टीनमध्ये इअरफोनचं एक टोक त्याच्या कानात, दुसरं तिच्या. एकदा ऐकून निकाल देता आला असता, ती रोज म्हणायची, "पुन्हा ऐकल्याशिवाय कसं सांगू?" चहा दोघांचाही गार.

शनिवारी तो बॅग घेऊनच आला.

"मुंबईला पोचलो की अल्बम पक्का करायचाय. आता शेवटचं सांगा."

ती इअरफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिली. "एक विचारू? दुसऱ्यांदा वाजवलंत ते… इतकं वेगळं का?"

"पहिल्यांदा सगळ्यांसाठी वाजवत होतो."

आम्रपाली फलाटाकडे बघू लागली. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"राहू दे आवाज," ती शेवटी म्हणाली. "पण माझं नाव टाकायचं नाही."

"लोक विचारतील, ही कोण?"

"मग काय सांगशील?"

"सांगेन, मला आवडते… पण तिचं अजून काही ठरलेलं नाही."

मुंबईच्या गाडीच्या कंडक्टरने घंटी दिली. आम्रपालीने त्याची बॅग उचलून त्याच्या खांद्याला अडकवली, पिळलेला पट्टा सरळ केला.

"लोकांना खोटं नको सांगूस," ती म्हणाली. "ठरलंय माझं."