कोरा पेला

मुलं औषध थुंकतात. त्यांनी थुंकू नये म्हणून मला पगार मिळतो. औषधाचा कडूपणा झाकणं हे माझं काम: साखर, संत्र्याचा वास, आणि औषधाच्या कणांवर चढवलेलं पातळ आवरण, जे तोंडात टिकतं आणि पोटात विरघळतं. कडू चव ही शरीराची धोक्याची घंटा आहे, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. त्या घंटेला मी कापूस बांधते, एवढंच.

कडूपणा झाकला गेला की नाही हे यंत्राला नीट कळत नाही. त्याला माणसाची जीभ लागते. दर सोमवारी अकरा वाजता कंपनीतली तीन माणसं चाखायला येतात. पांढऱ्या रंगाची खोली, तीन कप्पे, मध्ये लाकडी आडोसे. प्रत्येकापुढे चार पेले आणि एक बेसिन. घोट घ्यायचा, दहा सेकंद तोंडात धरायचा, थुंकायचा आणि कागदावर शून्य ते पाच यांतला एक आकडा लिहायचा. कुठल्या पेल्यात काय आहे हे फक्त मला माहीत असतं. चारांपैकी एकात नुसतं शुद्ध पाणी असतं. त्याला आम्ही कोरा पेला म्हणतो. त्याला शून्यच मिळायला हवं.

त्या सोमवारी मुलांच्या तापाच्या सिरपची शेवटची चाखणी होती.

"संत्रं छान लागतंय," स्टोअरकीपर आडोशापलीकडून म्हणाला. "आमच्या घरच्या चहापेक्षा कितीतरी बरं."

"घरी सांगू का फोन करून?" रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली.

"बोलू नका," मी म्हणाले.

तिसऱ्या कप्प्यात मावशी होत्या. मावशी म्हणजे आमच्या कंपनीच्या दवाखान्यातल्या जुन्या नर्स. त्यांच्यासारखी जीभ मी पाहिली नाही. लाखात एक भाग कडू असला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

सिरपला तिघांनीही शून्य दिलं. कोऱ्या पेल्याला तिघांनीही पाच.

मी पाणी बदललं. नवी सीलबंद बाटली फोडली, पेले बदलले, अर्ध्या तासाने पुन्हा चाखायला दिलं. पुन्हा पाच. ते पाणी मी यंत्रावर चढवलं. आलेख मेजाच्या कडेसारखा सपाट आला. पाण्यात पाण्याशिवाय काहीही नव्हतं.

मंगळवारी मी तिघांना परत बोलावलं. चार पेले, चारही कोरे. हे त्यांना सांगितलं नाही.

रिसेप्शनवरच्या मुलीने सगळीकडे पाच लिहिलं आणि रडवेली होऊन बाहेर गेली. स्टोअरकीपरच्या कागदावर चार वेळा एकतीस होतं. मावशींच्या कागदावर चार वेळा चौदा.

"मावशी, पाचाच्या पुढे आकडा नाहीये."

"मला आकडे शिकवू नका, बाई. चौदा आहे ते."

"चौदा म्हणजे किती कडू?"

त्यांनी बेसिनमध्ये पुन्हा चूळ टाकली. "किती ते नाही सांगता येत. पण चौदाच."

छोट्या कंपनीत एकीलाच तीन कामं करावी लागतात. सरकारी परवान्यासाठी जाणारी फाईलही मीच तयार करायचे. हे सिरप चाळीस मुलांना देऊन पाहिलं होतं. मुलांना नावं नव्हती, क्रमांक होते. पाचव्या दिवशी त्यांतल्या दोघांच्या यकृताचे आकडे सहापट झाले. 'पालकांनी डोसच्या वेळा पाळल्या नाहीत' असं कारण लिहून कंपनीच्या साहेबांनी त्या दोघांना अभ्यासातून वगळलं होतं. एका आईला एकदा तासभर उशीर झाला होता, तेवढा आधार पुरला. पुढे त्या मुलांचं काय झालं, ते फायलीत नव्हतं.

मुलं होती क्रमांक चौदा आणि क्रमांक एकतीस. हे मला माहीत होतं आणि साहेबांना. मूळ कागद माझ्या कपाटात होते, किल्ली माझ्या पर्समध्ये.

मी साहेबांकडे गेले. चाखणीचं सांगितलं नाही. वेड्यात काढलं असतं. एवढंच म्हणाले, "ती दोन मुलं फायलीत परत घेऊ या. परवाना सहा महिने पुढे जाईल, फार तर."

"फार तर?" साहेब हसले. "अहो, सहा महिन्यांत आपण सगळे घरी बसू. आणि तुम्ही चवीच्या बाई ना? यकृतात कशाला शिरता?"

"सही माझी आहे, साहेब."

"म्हणूनच म्हणतो. शुक्रवारी करा. विभागप्रमुखाची जागा रिकामी होतेय, हेही लक्षात ठेवा."

शुक्रवारी मी सही केली. मला कुणी धमकावलं नव्हतं. दोन ओळी कमी असलेला तक्ता जास्त नेटका दिसत होता, असंही मनात येऊन गेलं.

पुढच्या सोमवारी कोऱ्या पेल्याला तिघांनीही शून्य दिलं. दोन महिने ते शून्यच राहिलं. परवाना आला. मी विभागप्रमुख झाले. सिरप दुकानांत गेलं आणि भराभर खपलं, कारण मुलं ते मागून मागून पीत होती. कारलं साखरेत घोळलं तरी कडूच राहतं म्हणतात. मी ते खोटं करून दाखवलं होतं.

विक्री सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी व्हिटॅमिनच्या थेंबांची चाखणी होती. कोऱ्या पेल्याला मावशींनी एकेचाळीस लिहिलं. स्टोअरकीपरने बेचाळीस. रिसेप्शनवरच्या मुलीने त्रेचाळीस.

अभ्यासात चाळीसच मुलं होती.

पुढच्या सोमवारी चव्वेचाळीसपासून सुरुवात झाली. एकही आकडा दोनदा आला नाही.

स्टोअरकीपर यायचा थांबला. मग ती मुलगी. मी सक्ती केली नाही.

कुठेतरी दूर एखादा डॉक्टर तक्रारीची एखादी चिठ्ठी लिहीत असेल, ती आमच्या टेबलावर येईल, मग बघू, असं मी स्वतःला सांगत राहिले. चिठ्ठी आली नाही. तापातून उठलेल्या मुलाला कावीळ झाली तर गोड सिरपवर कोण संशय घेतो?

काल मावशी एकट्याच आल्या. मी एकच पेला ठेवला होता.

त्यांनी घोट घेतला. दहा सेकंद झाले. वीस झाले.

"थुंका, मावशी."

त्यांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं होतं. मग त्यांनी तो घोट गिळला.

"अहो, गिळायचं नसतं."

"थुंकवत नाही, बाई," त्या म्हणाल्या. "कुणाच्या तरी अंगावर थुंकल्यासारखं वाटतं."

त्यांनी कागदावर आकडा लिहिला, तीन अंकी. कागद माझ्याकडे सरकवला आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या.

नोंदवही उघडी होती. कोऱ्या पेल्याच्या रकान्यात मी शून्य लिहिलं आणि सही केली.

पेला रिकामा करायला उचलला आणि तसाच खाली ठेवला. मग उलटा हात त्याच्या काचेला लावला, कपाळाला लावतात तसा.

ताप होता.