उसना चंद्र

नाटकासाठी चंद्र उगवून देणं हा माझा धंदा. गोल दिवा, त्यापुढे दुधी कागद, कागदाला किंचित पिवळी झाक. पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकालाही तो खरा वाटतो. आई मात्र म्हणते, "तुझ्या चंद्रावर माझा उपास सुटायचा नाही हं, चिमणे." चाळिशी उलटली तरी तिच्यासाठी मी चिमणीच.

तिची पौर्णिमा कडक. सात वर्षांची असताना मी तापातून जाता जाता वाचले, तेव्हापासून तिने ती धरलीय. दिवसभर पोटात काही नाही. चंद्र वर आला की मी बाल्कनीच्या दारात चंद्राकडे पाठ करून उभं राहायचं. समोरच्या भिंतीवर माझी सावली पडते. आई त्या सावलीच्या डोक्यावर हात ठेवते, "आहे गं बाई माझी पोर," म्हणते आणि मगच जेवायला बसते. मला हे सगळं थोतांड वाटतं, पण आईपुढे कुणाचं काही चाललंय का?

या पौर्णिमेला आभाळ गच्च भरलेलं होतं. आईला साखरेचा त्रास, डॉक्टरांनी उपास साफ बंद केलेले. अंधार पडल्यावर तिचे हात थरथरायला लागले. कपाळावर घाम आला.

"दोन घास खाऊन घे ना. ढगांमागे चंद्र आहेच की."

"सावली बघितल्याशिवाय नाही."

"इतका हट्टीपणा कुणाचा घेतलास गं?"

"तुझाच," ती म्हणाली, पण हसताना तिचे ओठ पांढरे पडले होते.

मी घाबरले आणि मला रागही आला. दुरुस्तीसाठी आणलेला चंद्र घरातच होता. मोतीबिंदूमुळे आईला लांबचं धुरकट दिसतं. मी गुपचूप बाल्कनीच्या टोकाला स्टँडवर दिवा चढवला, कागद लावला आणि घरातले दिवे मालवले.

"आई, उगवला बघ!"

मी दारात उभी राहिले. भिंतीवर सावली पडली. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. मग खाली बसून ती भराभर जेवली. हातांची थरथर थांबली आणि माझा जीव भांड्यात पडला.

मी बाल्कनीत जाऊन प्लग काढला. दिवा विझला.

सावली भिंतीवरच होती, अंधाराहून काळी.

प्रखर उजेडाचा ठसा डोळ्यांत राहतो, आम्हा दिवेवाल्यांना हे रोजचंच. मी डोळे मिटून उघडले. बाजूला सरकले. ती सरकली नाही.

तिला दोन वेण्या होत्या, सात वर्षांची असताना मी घालायचे तशा. माझे केस कॉलेजपासून कानापर्यंत कापलेले.

तेवढ्यात ढग फाटले आणि खरा चंद्र बाहेर आला. कठड्याच्या गजांच्या, कुंडीच्या, स्टँडच्या सावल्या फरशीवर स्वच्छ उमटल्या. मी हात वर केला. हलवून पाहिला.

फरशी कोरीच.

"आई," मी म्हटलं.

आत तिने दुसरं ताट वाढलं आणि भिंतीपाशी ठेवलं. "ये गं चिमणे, गार होतंय."

"आई!" मी ओरडले.

तिने दाराकडे पाहिलं. अंगावर काटा आल्यासारखी शाल ओढून घेतली. "बाहेरून वारा येतोय," भिंतीला असं सांगत ती उठली आणि तिने बाल्कनीच्या दाराला आतून कडी घातली.